हप्ता भरण्याआधी पॉलिसीत दरवर्षी काय काय बघता? (वय ६८, बेळगाव)

वडगावचा मास्तर | १४ डिसेंबर २०२५, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. मी ६८, सौ. ६४. दोघांची मिळून ५ लाखांची आरोग्य पॉलिसी आहे, २०१४ पासून एकाही वर्षी खंड नाही. दर फेब्रुवारीत एजंटाचा व्हॉट्सॲप येतो, मुलगा पुण्याहून पैसे भरतो, नवा कागद फाइलला लागतो. शाळेत पोरांवर 'धडा वाचून आला नाहीस?' म्हणून आयुष्यभर ओरडलो, पण ही चाळीस-पन्नास पानं मी स्वतः एकदाही उघडली नव्हती, हे आधीच कबूल करतो.

मार्चमध्ये सौ.चं पित्ताशयाचं ऑपरेशन पुण्यात झालं. बिल २,१६,०००. कंपनीने दिले १,३५,०००. उरलेले ८१ हजार डिस्चार्जच्या काउंटरवर मुलाने भरले. कारण विचारलं तर 'रूम रेंट लिमिट आहे सर'. आमची मर्यादा दिवसाला ५ हजार, खोली घेतली ८ हजारांची. मला वाटलं दिवसाला तीन हजार जास्त, पाच दिवसांचे पंधरा हजार पदरचे जातील. ८१ हजार कुठून आले ते अजून कळलेलं नाही.

आता १८ फेब्रुवारीला नूतनीकरण. गेल्या वर्षी ४९,५६० भरले, यंदा ४६,२०० आलेत. एजंट म्हणतो, 'यंदा उलट कमी झालाय सर, डोळे झाकून भरा.' त्या 'डोळे झाकून'नेच झोप उडाली. तुम्ही लोक भरण्याआधी काय बघता?

निपाणीचा हिशेबनीस | १४ डिसेंबर, सकाळी ९:१२

मास्तर, हप्ता कमी झालेला नाही, कर गेलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. तुमचा गेल्या वर्षीचा मूळ हप्ता ४२,००० होता, त्यावर ७,५६० कर, म्हणून ४९,५६०. यंदा मूळ हप्ताच ४६,२०० आहे. म्हणजे बरोबर १० टक्के वाढवलाय आणि कराच्या आड तो दिसेनासा झालाय. सरकारने जे सोडलं त्यातला निम्म्याहून जास्त वाटा कंपनीने उचलला.

१० टक्केच का, तर साठीच्या पुढच्यांचा हप्ता वर्षाला त्याहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी, म्हणजे विमा नियामकाशी, सल्लामसलत करावी लागते. ३० जानेवारी २०२५ चा आदेश आहे. त्याआधी आमच्या वडिलांचा एका वर्षात किती वाढला होता ते इथं लिहीत नाही, सकाळची वेळ आहे.

शहापूरचा विमावाला (निवृत्त) | १४ डिसेंबर, दुपारी १२:०५

एकतीस वर्षं याच धंद्यात काढली. कुठल्या कंपनीत ते विचारू नका, आता पेन्शन खातोय.

मास्तर, खोलीची मर्यादा ही पॉलिसीतली सगळ्यात महाग ओळ असते आणि ती कुणी वाचत नाही. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की नुसता खोलीचा फरक कापत नाहीत. त्या खोलीनुसार सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, डॉक्टरांच्या व्हिजिटा, सगळ्यांचे दर चढतात, म्हणून त्याच प्रमाणात सगळ्याला कात्री लागते. तुमचं प्रमाण ५ ला ८, म्हणजे रुपयाला साडेबासष्ट पैसे.

आता मला बिलाची फोड द्या. खोली किती, डॉक्टर-थिएटर किती, औषधं आणि तपासण्या किती. मला एक शंका आलीय, पण आकडे बघितल्याशिवाय बोलणार नाही.

वडगावचा मास्तर | १४ डिसेंबर, दुपारी ४:३०

फाइल काढली. खोली ५ दिवस ४०,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, नर्सिंग सगळं मिळून १,२०,०००. औषधं आणि तपासण्या ५६,०००.

शहापूरचा विमावाला (निवृत्त) | १४ डिसेंबर, संध्याकाळी ६:५०

शंका खरी निघाली. २,१६,००० गुणिले साडेबासष्ट टक्के, बरोबर १,३५,०००. त्यांनी अख्ख्या बिलाला कात्री लावलीय. तसं करता येत नाही. औषधं, शरीरात बसवायची साधनं आणि तपासण्या या प्रमाणशीर कपातीच्या बाहेर ठेवायच्या, हे २०२० पासून नियमात आहे. आयसीयूच्या खर्चालाही ती लागत नाही. आणि ज्या हॉस्पिटलात खोलीप्रमाणे दर बदलतच नाहीत, तिथं तर ही कपातच करता येत नाही.

तुमचा हिशेब असा व्हायला हवा होता: खोलीचे २५,०००, डॉक्टर-थिएटरचे ७५,०००, औषधं-तपासण्यांचे पूर्ण ५६,०००. एकूण १,५६,०००. तुमचे २१ हजार त्यांच्याकडे राहिलेत.

उद्याच कंपनीच्या तक्रार निवारण विभागाला ईमेल करा. बिलाची फोड, सेटलमेंटचं पत्र आणि पॉलिसीतलं ते कलम जोडा. भांडणाची भाषा नको, आकडे लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल आहे, फी नाही, वकील लागत नाही. कर्नाटकासाठी ते कार्यालय बेंगळुरूला आहे. तक्रारदार राहतो तिथलं किंवा कंपनीची शाखा असेल तिथलं कार्यालय चालतं. बेळगावच्या बऱ्याच लोकांनी पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेतून काढलेली असते, म्हणून सांगून ठेवतो.

निपाणीचा हिशेबनीस | १४ डिसेंबर, संध्याकाळी ७:०३

__/\__ एकवीस हजाराचा प्रतिसाद!

पुण्यात असलेली अनगोळची लेक | १५ डिसेंबर, रात्री १०:२०

मास्तरकाका, तुम्ही बेळगावात राहता आणि ऑपरेशन पुण्यात केलंत, हा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून लिहिते. आई-बाबांच्या पॉलिसीत 'झोन' नावाची भानगड निघाली. बेळगावचा पत्ता दिला की हप्ता स्वस्त बसतो. पण पुणे, मुंबई, बेंगळुरूसारख्या महाग झोनमध्ये उपचार घेतले तर बिलाचा ठरावीक टक्का आपल्याच खिशातून, असं आत लिहिलेलं. सगळ्याच पॉलिसींत असतं असं नाही, पण आमच्यात होतं. आणि आपल्याकडे होतं काय, तर साधा ताप तिळकवाडीतल्या डॉक्टरांकडे, जरा मोठं काही निघालं की केएलई हॉस्पिटल, आणि त्याहून मोठं निघालं की 'पोरगी पुण्यात आहे ना, तिकडेच जाऊ'. मिरज आणि कोल्हापूर तर आजोबांच्या काळापासून ठरलेलं.

म्हणून आम्ही दर दिवाळीला एकच प्रश्न बसून ठरवतो: पुढच्या वर्षभरात काही झालंच तर कुठं नेणार? त्याप्रमाणे झोन, नेटवर्क हॉस्पिटलची यादी आणि खोलीची मर्यादा या तीन गोष्टी बघते. गेल्या वर्षी चांगलं असलेलं हॉस्पिटल यंदा कॅशलेसच्या यादीत नसतं, हे मी दोनदा बघितलंय. यादी एजंटाकडून घेत नाही. हॉस्पिटलच्या विमा काउंटरला फोन करते, नाव आणि पॉलिसीचा प्रकार सांगून विचारते.

बाबा पहिल्या वर्षी वैतागले, 'सणासुदीला आजारपण कशाला काढतेस'. आता फराळ झाला की स्वतःच फाइल घेऊन बसतात.

खानापूरचा माजी सुभेदार | १६ डिसेंबर, सकाळी ६:१५

आम्हां फौजी लोकांना ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, त्यामुळे हप्त्याची कटकट नाही. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असल्यामुळे या भागात घरटी एक माजी सैनिक सापडेल, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो.

सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड, वर्षाला ५ लाख. २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. गावात कॅम्प लागला की सगळे रांगेत उभे राहतात. पण ईसीएचएस किंवा सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची योजना) असेल तर दोन्ही चालत नाही, एकच निवडावं लागतं. आमचा एक जुना सहकारी 'फुकट आहे, काढून ठेवू' म्हणून निघाला होता, त्याला बसमधून उतरवला. ईसीएचएसमध्ये रोजची औषधं पॉलिक्लिनिकमधून मिळतात. त्या कार्डावर ॲडमिट झाल्याशिवाय काही नाही. बीपी-शुगरच्या माणसाला रोजची गोळी मोठी.

वडगावचा मास्तर | १६ डिसेंबर, सकाळी ८:००

सुभेदारसाहेब, मी दोन वर्षांनी सत्तरीत जाईन. तेव्हा पॉलिसी सोडून देऊन ते कार्डच घेतलं तर? वर्षाचे ४६ हजार वाचतील.

शहापूरचा विमावाला (निवृत्त) | १६ डिसेंबर, सकाळी ११:४०

मास्तर, अजिबात नको. खाजगी पॉलिसी असली तरी ते कार्ड मिळतं, मग एक सोडायचं कशाला? शिवाय कार्डाचे ५ लाख घरातल्या सगळ्या सत्तरीच्या पुढच्यांना मिळून असतात, माणशी नाहीत. उपचार ठरलेल्या पॅकेजमध्ये आणि यादीतल्या हॉस्पिटलातच. तिथं गेलात की आधी आरोग्यमित्राचं (योजनेचा हॉस्पिटलातला मदतनीस) टेबल गाठायचं.

आणि तुमची सौ. ६४ ची आहे! तुम्ही सत्तरीत गेलात म्हणून तिला कार्ड मिळत नाही. पॉलिसी सोडली तर तिचं काय?

दुसरं म्हणजे तुमची अकरा वर्षं. सलग ६० महिने झाले की 'तुम्ही अमुक आजार लपवला होता' म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. २०२४ पर्यंत ही मुदत ८ वर्षांची होती, ती ५ झाली. आधीपासूनच्या आजारांचा वेटिंग पिरियडसुद्धा (तोवर त्यांचे पैसे मिळत नाहीत) जास्तीत जास्त ४ वर्षांवरून ३ वर आला. हे सगळं तुम्ही कमावून बसलायत. सत्तरीत सोडून बहात्तरीत परत यायचं म्हटलं तर पाटी कोरी. ६५ च्या पुढच्यांनाही नवी पॉलिसी आता मिळू शकते, पण कुठल्या अटींवर ते कंपनी ठरवणार.

एक गोष्ट मात्र खरी की ५ लाख आज कमी पडतात. पण मूळ रक्कम वाढवली की वाढीव भागाला वेटिंग पिरियड नव्याने लागतो. त्यापेक्षा ५ लाखांच्या वर सुपर टॉप-अपची चौकशी करा, हप्त्याला बरीच हलकी पडते. वर्षातली सगळी बिलं मिळून ५ लाखांच्या वर गेली की ती सुरू होते. नुसता टॉप-अप घेऊ नका, तो एकेका बिलाला वेगळा मोजतो. नावात एका शब्दाचा फरक, पण दोन मध्यम आजारपणं आली की तोच शब्द नडतो.

चिकोडीची सूनबाई | १७ डिसेंबर, दुपारी ३:१०

तुमच्या पुण्या-मुंबईच्या पॉलिश्या ऐकून छाती दडपली बघा. आमच्याकडं तसलं काय न्हाई. सासूबाई ७३, दुधाच्या डेअरीचं सभासद. सोसायटीतनं यशस्विनीत, म्हंजे सहकारी सभासदांच्या सरकारी योजनेत, नाव घालतोय. खेड्यातल्या चार माणसांच्या घराला वर्षाला ५०० रुपय, वर माणूस वाढला की शंभर. ५ लाखापर्यंत हाय. मधी २०१८ ला बंद पाडलेली, मग परत चालू केली.

पण ही बी दरवर्षी करावी लागती हो. सोसायटीचा सेक्रेटरी तारीख सांगतोय, ती चुकली की वरीसभर हात चोळत बसायचं. एक वरीस आमी ऊसतोडीच्या गडबडीत इसरलो आणि त्याच वर्षी मामंजींचं प्रोस्टेटचं निघालं. मग बेळगावच्या सरकारी दवाखान्यातनं चिठ्ठी घेऊन आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेवर केलं. रेशन कार्ड बीपीएल होतं म्हणून निभावलं. एपीएल असतं तर पॅकेजच्या तीस टक्केच मिळालं असतं.

आता सोसायटीचं कॅलेंडर आणि रेशन कार्ड एकाच खिळ्याला अडकवलंय.

शहापूरचा विमावाला (निवृत्त) | १७ डिसेंबर, दुपारी ३:५५

ताई, तुमचा खिळा आमच्या फाइलींपेक्षा भारी आहे. चिठ्ठीचा मुद्दा सगळ्यांनी नीट वाचा. तातडीचं नसेल तर आधी सरकारी दवाखाना, मग पुढं. थेट खाजगीत जाऊन नंतर कार्ड काढून दाखवलं की हात हलवत परत येतात लोक.

उचगावकर | १७ डिसेंबर, रात्री ९:३०

महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्याचं कुणीच काही बोलत नाही? पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही तिकडचे म्हणून इकडं अडचण, आणि इकडचे म्हणून तिकडं

धागा संपादक | १७ डिसेंबर, रात्री ९:४८

वरचा प्रतिसाद अर्ध्यावर थांबवला आहे. सीमाप्रश्नावर वेगळा धागा आहे, ६०० प्रतिसाद झालेत, तिथं या. इथं आजारपणाच्या पैशांचं बोलू.

उचगावकर | १७ डिसेंबर, रात्री १०:०२

आजारपणाच्या पैशांचंच बोलत होतो, पण असो. माझा मुद्दा इतकाच: कुठल्याही राज्याची योजना असो, तुमच्या गावाचं नाव यादीत असणं आणि तुम्ही जाणार त्या हॉस्पिटलने ते कार्ड घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईला घेऊन मी त्या दोन्हींच्या मध्ये एक अख्खी दुपार बाकड्यावर बसलोय.

निपाणीचा हिशेबनीस | १८ डिसेंबर, सकाळी ८:२०

अजून एक राहिलं, नाव आणि जन्मतारीख. आपल्याकडे मराठी नाव कानडी साहेबाने ऐकून इंग्रजीत टाइप केलेलं असतं. आमच्या ज्ञानेश्वरमामांचं आधारवर वेगळं, पॉलिसीवर वेगळं, पॅनवर तिसरंच. हॉस्पिटलच्या काउंटरवर तिन्ही ज्ञानेश्वर एकच आहेत हे पटवताना संतांची शपथ घ्यायची वेळ आली.

आणि जन्मतारीख. त्या पिढीत मास्तर लोकांनी शाळेत घालताना सरसकट १ जून ठोकलेली. (मास्तर, तुमच्यावर राग नाही.) सत्तरीचं कार्ड आधारवरच्या वयाने मिळतं. खरं वय ७१ आणि आधारवर ६८ असेल तर अजून दोन वर्षं वाट बघा. हप्ता भरण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायला पाच मिनिटं लागतात. आजारी माणूस ॲम्ब्युलन्समध्ये असताना ती पाच मिनिटं मिळत नाहीत.

अवांतर: जुन्या कर पद्धतीत असाल तर ज्येष्ठांना आरोग्य विम्याच्या हप्त्यावर ५० हजारांपर्यंत वजावट आहे. हप्ता रोखीने भरला तर नाही, हेही लक्षात ठेवा.

पुण्यात असलेली अनगोळची लेक | १९ डिसेंबर, रात्री ११:०५

मास्तरकाका, खोलीची मर्यादा इतकी सलत असेल तर पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करण्याचाही विचार करा. जमा झालेली वर्षं सोबत येतात. पण नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज लागतो, म्हणजे तुम्हाला ४ जानेवारी. नवी कंपनी नाही म्हणू शकते, या वयात बऱ्याचदा म्हणतेच. बाबांना दोघांनी नकार दिला. म्हणून उत्तर येईपर्यंत जुनी सोडायची नाही.

आणि माहितीचं पत्रक मागून घ्या. चाळीस पानं वाचायची गरज नाही. मर्यादा, को-पे (बिलातला आपला वाटा), वेटिंग, काय मिळत नाही, तक्रार कुठं, असं सगळं त्या दोन-तीन पानांत असतं. आपण मागितलं तर कंपनीने ते स्थानिक भाषेत द्यायचं असतं.

वडगावचा मास्तर | ८ फेब्रुवारी २०२६, संध्याकाळी ५:१५

मंडळी, उशिरा आलो, पण निकाल घेऊन आलोय.

तक्रारीच्या ईमेलला पहिलं उत्तर आलं, 'आपला क्लेम नियमानुसार निकाली काढलेला आहे.' विमावाल्यांनी सांगितल्याप्रमाणे चिडलो नाही. औषधं-तपासण्यांचा आकडा लाल पेनने गोल करून तीच फोड परत पाठवली आणि खाली लिहिलं, महिना पूर्ण झाला की बेंगळुरूला लोकपालाकडे जाईन. चोविसाव्या दिवशी १८,४०० जमा झाले. उरलेले २,६०० हातमोजे, मास्क असल्या वस्तूंचे म्हणून कापले. तेवढे सोडले.

पोर्टसाठी एका ठिकाणी अर्ज केला. माझी शुगर, सौ.चं नुकतंच झालेलं ऑपरेशन, नकार आला. मग जुन्याच कंपनीत थोडा जास्त हप्ता देऊन खोलीची मर्यादा काढता येते असं कळलं. अकरा वर्षांत एजंट हे एकदाही बोलला नव्हता. विचारलं तर म्हणाला, 'तुम्ही विचारलंच नाही सर.' वर्गात मी हेच वाक्य किती पोरांना ऐकवलं असेल. सुपर टॉप-अपसाठी दोघांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्यात, त्याचं उत्तर यायचंय. शुगर लपवली नाही, फॉर्मवर सरळ लिहिली. मूळ हप्ता काल भरला, यंदा मुलाने नाही, मी स्वतः.

तारीख उलटल्यावरही ग्रेसचे ३० दिवस असतात म्हणून थांबणार होतो. पण विमावाल्यांना फोनवर विचारलं तर म्हणाले, त्या दिवसांत पॉलिसी मोडत नाही, तुमची वर्षं टिकतात, पण वर्षाचा हप्ता एकरकमी भरणाऱ्याला त्या मधल्या दिवसांतल्या आजारपणाचे पैसे मिळत नाहीत. मग नाही थांबलो.

पुण्यात असलेली अनगोळची लेक | ८ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३०

काका, मस्त! पत्रक मराठीत मिळालं का?

वडगावचा मास्तर | ८ फेब्रुवारी, रात्री ८:१०

आधी कानडीत आलं. बेळगावचा पत्ता, त्यांचंही चूक नाही. परत लिहिलं, तेव्हा मराठीत आलं. भाषा सरकारी आहे, पण कळते. सौ.ने चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि मला जे दिसलं नव्हतं ते काढलं. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे ४० हजारांची मर्यादा. तिचे दोन्ही डोळे यंदा करायला सांगितलेत. विचारतेय, एक मार्चमध्ये आणि दुसरा पुढच्या मार्चमध्ये केला तर काही फायदा आहे का?

शहापूरचा विमावाला (निवृत्त) | ८ फेब्रुवारी, रात्री ८:४०

वहिनींना नमस्कार सांगा. मर्यादा डोळ्यामागे लिहिली असेल तर दोन्ही एका वर्षात केले तरी दोनदा मिळते, थांबायचं कारण नाही. फक्त त्या ओळीच्या शेवटी 'पॉलिसी वर्षात एकूण' असं काही आहे का ते बघायला सांगा.

वडगावचा मास्तर | ८ फेब्रुवारी, रात्री ८:५२

नाही म्हणतेय. दोनदा वाचलं तिने.